चेक फेल झाला, आता पुढे काय? नव्या गेम मास्टरसाठी

टेबलटॉप रोलप्लेइंगच्या खेळात मी पहिल्यांदा गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी, म्हणून बसले तेव्हा माझी गोष्ट एका दारापाशी अडकली ती अडकलीच. व्यापाऱ्याच्या गोदामाखाली तळघर, तळघरात एक चोपडी, चोपडीत अख्ख्या शहराच्या लाचखोरीचा हिशेब. चार खेळाडू मध्यरात्री तिथे पोचले. चोराचं पात्र खेळणारी मैत्रीण म्हणाली, "मी कुलूप उघडते." फाशावर चार आले, त्यात तिचे सात मिळवून अकरा. मला पंधरा हवे होते.

"नाही उघडलं."

"परत ट्राय करते." दोन आले.

"नाही उघडलं."

"सरक, मी लाथ मारतो," आमचा योद्धा म्हणाला. त्याचे तीन आले. जादूगाराने विचारलं, खिडकी आहे का? मी नकाशात खिडकी काढलीच नव्हती, म्हणून नाही म्हणून टाकलं. अशी पंचवीस मिनिटं गेली. कुणीतरी वडापाव मागवायला फोन काढला. शेवटी मीच ओशाळून म्हटलं, "बरं, उघडलं एकदाचं."

घरी येऊन नियमपुस्तक पुन्हा चाळलं. फाशांनी त्यांचं काम चोख केलं होतं. दार उघडलं तर काय, हे मी चार पानं लिहून ठेवलं होतं. नाही उघडलं तर काय, यावर एक ओळही नव्हती. पुढची सगळी मांडणी त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे.

आधी पाच ओळींत खेळ

ज्यांनी अजून एकही सेशन खेळलेलं नाही त्यांच्यासाठी. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये एक जण गेम मास्टर असतो, तो जग आणि त्यातली माणसं चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्र काहीतरी अवघड करायला गेलं की फासा पडतो, त्याला चेक म्हणतात. माझी उदाहरणं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. सध्या टेबलावर असते ती त्याची पाचवी आवृत्ती, २०१४ची किंवा २०२४ची सुधारलेली. वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राचा मॉडिफायर, म्हणजे त्या कामातल्या कसबाचा आकडा, मिळवायचा, आणि बेरीज गेम मास्टरने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की काम झालं. त्या आकड्याला डीसी म्हणतात. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. बेरीज कमी आली की चेक फेल.

पुस्तकात पुढे काय होतं हे त्या त्या कौशल्यापुरतं थोडंफार सापडतं. बाकी सगळं तुमच्या गळ्यात.

पायरी १. फासा टाकण्याआधी 'नाहीतर' ठरवा

मराठीत एक फार कामाचा शब्द आहे. "दूध संपव, नाहीतर..." असं आई म्हणते तेव्हा सगळा जोर त्या टिंबांत असतो. खेळाडू म्हणाला, "मी भिंत चढतो," की मनातल्या मनात वाक्य पुरं करून बघा. चढला तर वर पोचला, नाहीतर काय? नाहीतर कुत्री जागी होतात. नाहीतर पावसाचा जोर वाढायच्या आत वर पोचणं होत नाही. नाहीतर पाठीवरचं गाठोडं खाली पडतं. यातलं एकही सुचत नसेल आणि वाक्य "नाहीतर चढला नाही" असंच संपत असेल, तर फासा हातातच ठेवा.

रिकामं गोदाम, पहारा नाही, घाई नाही, आणि समोर कुलपं उघडण्यात आयुष्य घालवलेली चोर. तिथे सरळ सांगायचं: "दहा मिनिटं खाटखूट करावी लागते, उघडतं. आत काय करता?" हे लाड नाहीत. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत यासाठी 'टेक ट्वेंटी' नावाचा नियमच होता. फेल होऊन काही बिघडणार नसेल तर नेहमीच्या वीसपट वेळ द्या आणि फाशावर वीस आले असं धरा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या गेम मास्टर पुस्तकातही दहापट वेळ देऊन काम फत्ते करण्याची सोय आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच: वेळ फुकट असेल तर फाशाला विचारायचं काय?

उलट टोकही आहे. राजाला गोड बोलून राज्य मागणारा खेळाडू प्रत्येक टेबलावर एकदा तरी उगवतो. वीस आले तरी राजा राज्य देणार नसेल तर त्याला फासा टाकू देऊ नका. फासा टाकायला दिलात म्हणजे तुम्ही शक्यता मान्य केलीत. मग वीस पडल्यावर तुमची पंचाईत.

पायरी २. "मी पर्सुएशन (मन वळवण्याचं कौशल्य) मारतो" एवढ्यावर भागवू नका

त्याला विचारा, तू नेमकं काय म्हणतोस? कोणाला? काय मिळवायला? पहारेकऱ्याला पैसे चारणारा आणि पहारेकऱ्याच्या आजारी मुलाची चौकशी करणारा, दोघांचाही चेक एकाच कौशल्याचा असेल, पण फेल झाल्यावर दोघांचं होणारं वेगवेगळं आहे. पहिल्याची तक्रार वर जाईल. दुसऱ्याला पहारेकरी विचारेल, "माझ्या मुलाबद्दल तुला कसं माहीत?" आणि त्या रात्रीपासून तो तुमच्या मागावर राहील. खेळाडूने 'कसं' सांगितलं की 'नाहीतर' त्यातच दडलेलं असतं, तुम्हाला फक्त ते बाहेर काढायचं.

पायरी ३. 'नाहीतर' मोठ्याने सांगा

नव्या गेम मास्टरना वाटतं, आधीच सांगितलं तर मजा जाईल. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. "फेल झालीस तर वरचा पहारेकरी आवाज ऐकेल. टाकायचा?" असं म्हटल्यावर टेबल गप्प होतं. सगळे पुढे झुकतात. तो फासा घरंगळताना जे दोन सेकंद जातात, त्यासाठी तर हा खेळ खेळायचा. शिवाय फेल झाल्यावर वाद होत नाही. सौदा तिने उघड्या डोळ्यांनी केलेला असतो, आणि नको असेल तर ती मागेही फिरू शकते.

पात्राला जे कळणं शक्यच नाही, ते मात्र सांगू नका. दारामागे सापळा आहे हे तुम्हाला माहीत आहे, तिला नाही.

पायरी ४. फेल झालं. आता परिस्थिती हलवा

सगळा लेख वाचायचा कंटाळा आला तर एवढी पायरी वाचा. फेल झालेल्या चेकनंतर टेबलावरचं चित्र चेकआधीपेक्षा वेगळं दिसलं पाहिजे. चांगलं की वाईट, हा पुढचा प्रश्न. "नाही उघडलं" एवढ्यावर थांबलात की चित्र जसंच्या तसं राहतं, आणि खेळाडू तोच फासा पुन्हा उचलतो.

त्या रात्रीचा तोच अकरा घेऊ. डीसी पंधरा, चार कमी पडले. मी आज काय म्हणाले असते?

एक, वेळ काढून घेतली असती. "उघडतं. पण तुला वाटलं होतं मिनिटभराचं काम, लागली वीस मिनिटं. हातातली मशाल अर्ध्यावर आली आहे, आणि वर पहारा बदलल्याची घंटा वाजते." मशाल तासभर जळते हे नियमात आहेच. असे आकडे 'नाहीतर' शोधताना फार उपयोगी पडतात.

दोन, एखादी वस्तू घेतली असती. "आतली खीळ सुटते आणि त्याच क्षणी तुझा कुलपं उघडायचा सगळ्यात चांगला आकडा आतच मोडतो. दार उघडं आहे. पण हे कुलूप आता परत लागणार नाही, आणि सकाळी मुनीम आला की त्याला रात्री कोणीतरी येऊन गेल्याचं कळणार." मला हा प्रकार विशेष आवडतो, कारण आजचं काम होतं आणि उद्याच्या सेशनचं भांडण फुकटात मिळतं.

तीन, तिच्याच हातात सुरी दिली असती. "अजून एक जोराचा पीळ दिलास तर उघडेल, पण खटका असा वाजेल की वरपर्यंत ऐकू जाईल. देतेस?" नवख्या गेम मास्टरने सुरुवात इथून करावी. फाशाने नाही म्हटलं, पण पुढे काय करायचं ते खेळाडू ठरवतो, त्यामुळे कोणी रुसत नाही.

चार, खरोखर नाही म्हटलं असतं. "हे कुलूप गावातल्या लोहाराचं नाही. पाकळीच्या आत ड्वार्फ कारागिराची खूण आहे. अशी कुलपं आकड्याने उघडत नाहीत, हे तुझ्या गुरूने तुला सांगितलं होतं. किल्ली तू आज दुपारी बघितलीस, मुनिमाच्या कमरेला." चेक फेलच आहे, दार बंदच आहे. पण आता टेबलावर बोलणं सुरू होतं: मुनीम राहतो कुठे, झोपतो कधी, त्याला दारू चालते का.

इंग्रजी बोलणारी मंडळी याला 'फेल फॉरवर्ड' म्हणतात, आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे. त्यातून एक गैरसमज पसरतो की प्रत्येक अपयशात थोडं यश दिलंच पाहिजे. मला हे पटत नाही. प्रत्येक फेलनंतर दार उघडतच असेल तर खेळाडूंना ते दोन-तीन सेशनमध्ये उमगतं, आणि मग फाशाला काही वजन राहत नाही. माझी वाटणी अशी आहे: जे काम फसलं तरी गोष्ट दुसऱ्या वाटेने चालू शकते, तिथे खुशाल हरू द्या. कैदी सोडवता आला नाही, सोडवता नाही आला. पण ज्या एका गोष्टीवाचून आजची संध्याकाळच पुढे जाणार नाही, ती फाशावर टांगूच नका.

खुनाच्या तपासाच्या गोष्टीत हे सगळ्यात जास्त नडतं. खुन्याचं पत्र टेबलाच्या कप्प्यात आहे, चौघांनी शोधलं, चौघेही फेल. आता? रॉबिन लॉज यांनी २००७ मध्ये आणलेल्या 'गमशू' पद्धतीने हा प्रश्न मुळापासूनच निकालात काढला. योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी बघायला गेलं की महत्त्वाचा धागा मिळतोच, फासा नाहीच. तुम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळत असलात तरी एवढं उसनं घ्यायला काही हरकत नाही. पत्र द्या. चेक कशासाठी ठेवायचा, तर ते पत्र कोणी बघायच्या आत हाताशी लागलं का, यासाठी.

आणि एका चेकवर जीव टांगू नका. साठ फुटांवरून पडलं तर सहा बाजूंचे सहा फासे, सरासरी एकवीस इजा. पहिल्या पातळीवरचा जादूगार तिथेच संपतो. त्याआधी एक टप्पा ठेवा: पाय निसटतो, एका हाताने लोंबकळतोय, खाली मित्र दोर घेऊन उभा आहे. कोण काय करतं?

पायरी ५. किती हुकलं ते बघा

सगळे फेल सारखे नसतात. एक-दोनने हुकलं तर काम होऊ द्या आणि किंमत वसूल करा. पाच किंवा त्याहून जास्तने हुकलं तर खरं नुकसान. हे दोन्ही २०१४च्या गेम मास्टर पुस्तकात सुचवलेलं आहे, पण ती पानं फार कमी लोक उघडतात. मधले जे तीन-चारने हुकतात, त्यांना पायरी ४ मधला 'देतेस?' असं विचारणारा सौदा द्या.

व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या २०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने तर हा मधला टप्पाच खेळाचा कणा केला. सहा बाजूंचे साधे दोन फासे टाकायचे आणि पात्राचा मॉडिफायर मिळवायचा. दहा किंवा जास्त आले तर निखळ यश, सहा किंवा कमी आले तर गेम मास्टरची पाळी, आणि सात ते नऊमध्ये यश, पण काहीतरी किंमत मोजावी लागतेच. मॉडिफायर शून्य धरला तर छत्तीसपैकी पंधरा वेळा, म्हणजे सुमारे ४२ टक्के, दान त्या मधल्या पट्ट्यात पडतं. एकदा तो खेळ चालवून बघा. दोन सेशननंतर "हो, पण" आपोआप तोंडात येतं.

पायरी ६. पात्राचा पोपट करू नका

फाशावर एक आला की टेबलावर हशा पिकतो आणि गेम मास्टरला चेव चढतो. "तू घसरतोस, पँट उसवते, सगळा दरबार बघतोय." एकदा ठीक आहे. हिशेब करा: चार खेळाडू, सेशनमध्ये प्रत्येकाचे दहा चेक, म्हणजे चाळीस फासे. वीसात एकदा एक येतो, म्हणजे दर सेशनला सरासरी दोन वेळा कोणीतरी विदूषक होणार. राज्यातली सगळ्यात निष्णात चोर पंधरवड्यातून एकदा स्वतःच्याच पायात अडखळते, हे कोणाला पटेल?

मुळात पाचव्या आवृत्तीत कौशल्याच्या चेकवर एक म्हणजे आपोआप फेल असा नियमच नाही. हल्ल्याच्या फाशावर एक आला तर वार चुकतो, मरणाच्या दारात पडलेल्या पात्रासाठी टाकायच्या फाशावर एक आला तर एकाऐवजी दोन फेल धरतात, एवढंच. चोराचा मॉडिफायर दहा असेल आणि डीसी दहा, तर एक पडूनही बेरीज अकरा, काम फत्ते.

आमच्या टेबलावर एक मित्र म्हातारा सरदार खेळायचा. आवाजही भारदस्त काढायचा. मी दर वेळी त्याच्या फेलवर कोटी करायचे, कधी घोड्यावरून पाड, कधी दाढीला आग लाव. तीन सेशननंतर त्याने चेक मागणंच सोडलं, कोपऱ्यात बसून राहायला लागला. नंतर चहा पिताना म्हणाला, "अगं, मी जो माणूस खेळायला आलो होतो, तो तू मला खेळूच देत नाहीस." फार लागलं ते, पण बरोबर होतं.

तेव्हापासून फेलचं खापर मी जगावर फोडते. सरदाराने लगाम ओढला तो अगदी बरोबर ओढला, पण पुलाची फळीच कुजलेली निघाली. चोराचा हात सफाईचाच होता, पण कोठीतलं मांजर उठलं. भाषण उत्तम झालं, पण सेनापतीने आदल्या रात्रीच दुसऱ्या बाजूचे पैसे घेतले होते. यात आणखी एक फायदा: फेलमधून जगाबद्दल काहीतरी नवीन कळतं. सेनापती फुटलेला आहे, हे यश मिळालं असतं तर कोणाला कळलं असतं?

ज्याला स्वतःची फजिती आवडते असा एक खेळाडू असतोच. त्याला विचारा, तो स्वतःच झकास सांगेल.

पायरी ७. "परत टाकू का?"

नाही. एकदा पडलेलं दान उभं राहतं, जोवर काहीतरी बदलत नाही तोवर. दुसरं हत्यार, दुसरी वाट, मदतीला माणूस, किंवा परिस्थितीच वेगळी. नुसतं "अजून जोर लावतो" हा बदल नव्हे.

सिंहगडाची ती दंतकथा आठवा. इतिहासात घोरपड होती की नाही यावर वाद घालू नका, पोवाड्यातली घोरपड घ्या. कड्यावर सोडलेली घोरपड अर्ध्यातून परत फिरते. आपल्या भाषेत चेक फेल. तानाजी काय करतो? तिला दम भरतो: चढ, नाहीतर... आणि मग ती चढते. तोच कडा, तीच घोरपड, पण पणाला लागलेली गोष्ट वाढली, म्हणून दुसरा फासा रास्त.

'कॉल ऑफ कथुलू' हा १९८१ पासूनचा भयकथेचा खेळ. त्याच्या सातव्या आवृत्तीत हाच नियम आहे, त्याला पुश करणं म्हणतात. चेक फेल झाला तर खेळाडूने सांगायचं की तो आता जास्तीचं काय करतोय, गेम मास्टरने बजावायचं की या वेळी फेल झालास तर काय ओढवेल, आणि मग दुसऱ्यांदा फासे. दुसऱ्यांदाही फेल झालं तर बजावलेलं घडतंच, दयामाया नाही. हा नियम मी जसाच्या तसा उचलला आहे. "कुलूप परत उघडायचंय? चालेल. पण आता सगळा जोर लावावा लागेल, आणि फसलं तर आकडे मोडतील आणि वरचे खाली येतील." दहापैकी सहा-सात वेळा खेळाडू फासा खाली ठेवून दुसरी युक्ती शोधतात, आणि ती युक्ती माझ्या तयारीपेक्षा बरी असते.

त्याच दंतकथेच्या शेवटी मावळे पळू लागतात तेव्हा गडावरून उतरायचे दोर कापले जातात. तेही लक्षात ठेवा. फेल झाल्यावर काय करावं सुचत नसेल तर एक वाट बंद करा. परतीचे दोर कापले गेले की खेळाडूंना पुढेच जावं लागतं.

पायरी ८. चौघांनी मिळून केलेला चेक

इथे गणित नव्या लोकांना हमखास फसवतं. चौघे एकाच खोलीत शोधतायत, प्रत्येकाची शक्यता निम्मी. चौघांनाही फासा टाकू दिलात तर निदान एकाला सापडण्याची शक्यता ९४ टक्के. मग चेक घेतलाच कशाला? एकाला टाकू द्या, बाकीच्यांची मदत धरा: दोन फासे टाकायचे, मोठा घ्यायचा. याला ॲडव्हांटेज म्हणतात, शक्यता ७५ टक्क्यांवर येते आणि फेलला अर्थ राहतो.

आता उलट बाजू. चौघे चोरपावलांनी छावणीतून जातायत, प्रत्येकाची यशाची शक्यता ५५ टक्के. "एक जरी फेल झाला तरी सगळे पकडले," असं ठरवलंत तर पार पडण्याची शक्यता उरते ९ टक्के. तुम्हाला वाटतं आपण मध्यम चेक दिला, प्रत्यक्षात दिलात जवळजवळ अशक्य. यासाठी गटाचा चेक असतो: निम्मे किंवा जास्त पास झाले की सगळा गट पास. त्याच चौघांची शक्यता ७६ टक्क्यांवर जाते. जे फेल झाले त्यांना मात्र विसरू नका. चिलखत घालून ठणठणत चाललेल्या योद्ध्याला बाकीच्यांनी कसं सांभाळून नेलं, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

पायरी ९. दिसलं नाही, कळलं नाही

कुलूप फेल झालं की ते सगळ्यांना दिसतं. पण "मला काही आवाज येतोय का?" या चेकवर तीन पडले आणि तुम्ही म्हणालात, "काही नाही," तर खेळाडू फाशाकडे बघून ओळखतो की काहीतरी आहे. मग अचानक सगळे ढाली सरसावतात. चूक त्यांची नाही, डोळे मिटून खेळायला कोणालाच जमत नाही.

माझी पद्धत सोपी आहे. लपून बसलेल्यांसाठी मी फासा मागतच नाही, नुसती पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे पात्राची सहजची नजर, बघते: दहा अधिक मॉडिफायर, कागदावर आधीच लिहिलेली. आणि फासा टाकलाच असेल तर माहिती देतेच, फक्त उशिरा देते. पास झाला तर झुडपात हालचाल दिसते. फेल झाला तर पहिला बाण झाडात घुसल्यावर दिसते. दोन्हीकडे लगेच काहीतरी घडतं, संशय घेत बसायला वेळच मिळत नाही.

समोरचा खोटं बोलतोय का, हा चेक फेल झाल्यावर "तो खरं बोलतोय" असं कधीही म्हणू नका. मी म्हणायचे. ते खेळाडूच्या डोक्यात विचार भरणं झालं, आणि पुढे उघडकीला आलं की त्याला गंडवल्यासारखं वाटतं. "त्याचा चेहरा तुला वाचता येत नाही" एवढं पुरे. वाटलं तर पुढे जोडा: "आणि तू टक लावून बघतोयस हे त्याच्या लक्षात आलंय."

पायरी १०. काहीच सुचत नसेल तर

सुचत नाहीच. रात्रीचे अकरा वाजलेले, चार जण तोंडाकडे बघतायत, डोकं ठप्प. त्यासाठी जॉन हार्पर यांच्या २०१७च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मधलं घड्याळ फार सोयीचं आहे. कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे, वर लिहायचं: "गोदामात बोंब होते". प्रत्येक फेलला एक भाग भरायचा. वर्तुळ भरलं की बोंब.

आमच्याकडे कागद हरवतात, म्हणून आम्ही कॅरमच्या सोंगट्या वापरतो. टेबलाच्या मधोमध स्टीलची वाटी, बाजूला सहा काळ्या सोंगट्या. चेक फेल झाला आणि मला काही सुचलं नाही की मी एक सोंगटी उचलून वाटीत टाकते. टण्ण. पहिल्या दोन सोंगट्यांना कोणी भीक घालत नाही. चौथ्या सोंगटीनंतर सगळे कुजबुजत बोलायला लागतात, खरोखर, स्वतःच्याच घरात.

दुसरा उपाय माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. सेशनच्या आदल्या दिवशी त्या जागेपुरते सहा-सात 'नाहीतर' लिहून ठेवते. गोदामाच्या पानावर अजून हे दिसतं: मशाल विझते. उंदरांची फौज. मुनीम काहीतरी विसरला म्हणून परत येतो. पोत्यांची थप्पी कलंडते. कोणाचं तरी नाव लिहिलेली गोष्ट तिथेच राहते. चेक कुठलाही असो, वरून खाली एकेक वापरत जायचं.

आणि तिसरा, टेबलालाच विचारायचं: "काय बिनसलं असेल?" खेळाडू स्वतःवर जेवढे कठोर होतात तेवढी होण्याची माझी हिंमत नाही.

गेल्या दिवाळीत मामेभावाच्या मुलांना घेऊन मी तीच गोदामाची गोष्ट पुन्हा चालवली. चोर खेळत होती धाकटी, वय वर्षं अकरा. कुलपापाशी आली, मी म्हटलं, "फेल झालीस तर आतल्या कोणाला तरी कळेल. टाकतेस?" तिने फासा दोन्ही हातांत घुसळून टाकला. चार. सात मिळवून अकरा.

मी वाटीत सोंगटी टाकली आणि म्हटलं, "आतून कडी काढल्याचा आवाज येतो. दार उघडतं. हातात कंदील घेतलेली एक म्हातारी बाई तुझ्याकडे बघतेय. तुझे आकडे अजून कुलपातच आहेत."

मोठा भाऊ तलवारीची भाषा बोलायला लागला. धाकटीने त्याला हाताने गप्प केलं, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, जरा पाणी मिळेल का?"

"हे डिसेप्शन, म्हणजे थाप, धरू का?" मी विचारलं.

"नाही ग आत्या. तिला खरंच तहान लागलीय. किती वेळ बसलोय आम्ही त्या दारापाशी."

मी फासा उचलला आणि माझ्या बाजूला ठेवून दिला. म्हातारी म्हणाली, "या आत. पाय पुसून या."